भाव वाट्यात असतो

आत्या,

तुझ्या दहाव्याला आलेल्यांपैकी निम्म्यांना मी कोण ते माहीत नव्हतं, आणि उरलेले निम्मे मला ‘ती दोन देशांवाली’ म्हणून ओळखत होते. शहापूरच्या बाजारातल्या बायका, मुरबाडच्या बाजारातल्या बायका, सरळगावच्या नाक्यावर तुझ्याबरोबर एसटीची वाट बघत बसणाऱ्या बायका. एकीनं माझा हात धरून विचारलं, "पोलन बरा हाय ना गो आता?" मी म्हटलं, बरा आहे. तिला खरंच बरं वाटलं. हसावं की रडावं ते मला कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

पोलंड आणि हंगेरी हे माझ्या पीएच.डी.चे देश. या दोघांपैकी कुणाचा शेअर बाजार जास्त शहाणा, आणि वर्षं जातील तसा तो शहाणपणा वाढला की घटला, हे शोधण्यात मी सात वर्षं घातली. दोन्हीपैकी एकाही देशाची माती माझ्या पायाला लागलेली नाही, आणि तू तर कल्याणच्या पलीकडे कामाशिवाय कधी गेली नाहीस. तरी किन्हवलीच्या आपल्या ओट्यावर बसून आपण दोघींनी त्या देशांबद्दल जितकं बोलून काढलं, तितकं माझ्या गाइडशीसुद्धा माझं बोलणं झालं नाही. शाळेतल्या बाईंनी तुला कधीतरी सांगितलं की इंग्रजीत हंगरी म्हणजे भुकेला. झालं. तेव्हापासून मी सुट्टीला आले की तू आधी पाण्याचा तांब्या द्यायचीस आणि मग विचारायचीस, "तुझी भुकेली कशी हाय?" मी चिडून सांगायचे की तसा काही संबंध नाही. तू म्हणायचीस, "नावात हाय म्हंजी थोडी तरी असंल."

तू सुकट विकायचीस. सगळी सुकी मासळी: सुकट, जवळा, बोंबील, आणि आगोटीला सोडे, म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. आगोट हा शब्द मला आता कॉलेजात मुलांना समजावून सांगावा लागतो. पावसाळ्यात मासळी नाही, भाजी नाही, आणि शेतात हात चिखलात, म्हणून मे महिन्यात घराघरातून चार महिन्यांची बेगमी भरून ठेवतात. तांबडी मिरची, कांदे, मीठ आणि सुकं. पाऊस यायचा जूनमध्ये, पण तुझ्या टोपलीत तो मेच्या पहिल्या बाजारालाच आलेला असायचा. पाऊस लवकर येणार अशी कुणकुण लागली की सुकटीचा भाव त्याच दिवशी चढलेला. माझ्या विषयाचा सगळा खटाटोप एवढ्याच गोष्टीभोवती आहे. जे जे कुणाला तरी कळलेलं आहे ते भावात आलेलं आहे का? आलेलं असेल तर बाजार पक्का. नसेल, आणि आजच्या भावावरून उद्याचा ओळखता येत असेल, तर बाजार कच्चा. पुस्तकात ही व्याख्या वाचली तेव्हा मला ती फार अवघड वाटली होती. मग तुझी टोपली आठवली, आणि मग ती सोपी झाली.

तुझे बाजार दोन. शहापूरला गाडी आहे, हायवे आहे, त्यामुळे बंदरावर माल कमी आला ही बातमी तिथं सकाळीच पोचायची. मुरबाडला आजही रेल्वे नाही. बातमी एसटीनं यायची, ती दुपारी. म्हणून एकाच दिवशी एकाच सुकटीला शहापूर एक मोल द्यायचं आणि मुरबाड दुसरं. मग टेलिफोनचे बूथ आले, मग मोबाइल आले, आणि तो फरक गेला. मला वाटलं, कायमचा गेला. तू म्हणालीस, "बाजार एकदा शाना झाला म्हणून जन्माचा शाना होत नाय." पुढे टाळेबंदी उठल्यावर बाजार भरले, तेव्हा दोन्हीकडे नुसत्या अफवा होत्या. मुरबाडात सोडे संपले म्हणून बायका धावत होत्या आणि शहापुरात ते कुणी घेत नव्हतं, आणि हे सगळं हातात मोबाइल असताना. ते बघून मी माझ्या प्रबंधाची मांडणीच बदलली. आधी मी पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत एकच उत्तर काढत होते. मग मी थोड्या थोड्या वर्षांचा तुकडा घेऊन तो महिन्या-महिन्यानं पुढे सरकवत गेले. तू विचारलंस, "म्हंजी एसटीच्या खिडकीतनं बघतात तसं?" तसंच, आत्या. आम्ही त्याला खिडकीच म्हणतो.

तुझी एक रीत होती. कुणी गिऱ्हाईक सुकट हातात घेऊन, वास घेऊन विचारायचं, "कुठनं आणलीस गो?" त्यावर तुझं उत्तर ठरलेलं, "समुद्रातनं." पुढं एक शब्द नाही. मी शाळेत असताना एकदा तुझ्या शेजारी बसून एका बाईला कल्याणच्या व्यापाऱ्याचं नाव सांगून बसले होते. तू तिच्यादेखत काही बोलली नाहीस. ती गेल्यावर म्हणालीस, "वंदे, माल कुठनं आणला ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं. सांगितलंस की ती उद्या तिथंच जाईल, आणि तू बस माशा मारीत." मला ते तेव्हा लबाडीचं वाटलं.

आता माझी फजिती सांगते, कारण ती तू दोन्ही बाजारांत इतक्यांदा सांगितलीस की आज ती सांगायला तू नाहीस हे मला पटत नाही. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता. मी शहापूर आणि मुरबाड या दोन बाजारांतल्या सुकटीच्या भावांची तुलना केली. होळीपासून आगोट संपेपर्यंत दर बाजाराला जाऊन लिहून आणायचे. शहापुरात वीस रुपयांना सुकटीचा एक वाटा. मुरबाडात वीसला वाटा. पुढच्या बाजाराला वीस, त्याच्या पुढच्या बाजाराला वीस. मी छान सुवाच्य अक्षरात निष्कर्ष काढला की दोन्ही बाजारांचे भाव सारखे असून संपूर्ण हंगामात ते स्थिर आहेत. सरांनी शाबासकी दिली. मी ते तुला मोठ्या ऐटीत वाचून दाखवलं.

तू हसलीस ती पदर तोंडाला लावूनच. हसता हसता उठलीस, आतून ताट आणलंस, आणि त्यावर मुठीनं सुकटीचे दोन वाटे घातलेस. एक चांगला गच्च, दुसरा त्याच्या निम्माही नाही.

"हा होळीचा वाटा. हा आगोटीचा. पैसं किती?"

"वीस."

"आणि ह्येचं?"

"वीस."

"मंग भाव हलला का नाय?"

तू म्हणालीस, "भाव वाट्यात असतो गो. तोंडानं आमी वीसच बोलणार. बाई घरनं वीसची नोट मुठीत धरून येते, तिला पंचवीस सांगितलं तर ती पुढं जाते. म्हणून आमी नोटेला हात लावत नाय, वाट्याला लावतो. तू नुसतं आमचं तोंड लिवून आणलंस. हात कोण बघल?"

वीस वर्षं होत आली त्याला. या काळात मी मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली, पण असा एका ताटात मावलेला धडा मला पुन्हा कुणी दिला नाही. शिकलेल्या माणसाला आकडा दिसला की त्याचा जीव भांड्यात पडतो, तसा माझाही पडायचा. तो आकडा कुणाच्या हातून आला हे विचारायची सवय मला तू लावलीस. थक्क होणं म्हणजे काय हे मला तुझ्यामुळे कळलं, आणि हे मी तुला तोंडावर कधीही सांगितलं नाही.

प्रबंधाच्या पाचव्या वर्षी मी अडकले होते. सुरुवातीच्या वर्षांत माझी हंगेरी फारच कच्ची दिसत होती. दिवसेंदिवस भाव जागचा हलत नसे आणि मग एकदम उडी घेई. अशा बाजारात उद्याचा भाव कुणीही ओळखावा. पोलंड पुढे, हंगेरी मागे, असं प्रकरण मी लिहूनही टाकलं होतं. मे महिन्यात घरी आले. तू ओट्यावर बोंबलांच्या जुड्या बांधत होतीस. मी म्हटलं, "तुझी भुकेली नापास झाली."

"कशात?"

मी सांगितलं. तू जुडी बांधता बांधता ऐकत होतीस. मग विचारलंस, "ज्या दिवशी कोणी विकलंच नाय, कोणी घेतलंच नाय, त्या दिवशी काय भाव लिवलास?"

"आदल्या दिवशीचा. आकडे मिळतातच तसे."

"का? मी ज्या दिवशी टोपली उघडलीच नाय, त्या दिवशी माझा भाव कुठला? वाटाच नाय मांडला तर भाव कुठनं येल?"

सुतळी तुझ्या दातात होती, त्यामुळे शेवटचे शब्द अर्धवटच आले. पण मला ते पुरे झाले. मी दुसऱ्याच दिवशी परत गेले. सौदा न झालेले दिवस एकेक करून बाजूला काढले, सगळं गणित पुन्हा मांडलं. तीन महिने गेले त्यात. हंगेरीचं चित्र पार बदललं. ती पुढे गेली असं नाही, पण आपल्याला वाटत होती तितकी मागेही नव्हती. खिडकी सरकवत गेलं की कधी हा देश शहाणा दिसे तर कधी तो, आणि संकट आलं की दोघेही सारखेच गोंधळत. माझ्या प्रबंधात बघण्यासारखं जर काही असेल तर ते एवढंच आहे. फोनवर तुला कळवलं तेव्हा तू म्हणालीस, "बघ. भुकेली होती, येडी नव्हती."

आपलं एक भांडण अर्धंच राहिलं. मी म्हणायचे, पक्क्या बाजारात कुणालाच इतरांपेक्षा जास्त कळत नाही, भावाला सगळं आधीच ठाऊक असतं, त्यामुळे शोध घेत फिरणाऱ्याला काही जास्त मिळत नाही. तुला हे मुळीच पटायचं नाही. गेल्या दिवाळीत तू म्हणालीस, "बरं, तुझंच खरं. भावाला समदं ठावं हाय. मंग मी पहाटंची कल्याणला भाव काढायला कशाला जाऊ? घरीच बसते. माझ्या बाजूची कांदेवाली बेबी पण बसंल. समद्याच बसतील. मंग भावाला कळंल कसं? त्याला काय कान हायेत?"

मी म्हटलं, याचं उत्तर पुढच्या खेपेला देते. खरं सांगू? उत्तर नव्हतं. माझ्या विषयातल्या भल्याभल्यांना या प्रश्नानं दमवलं आहे आणि त्यावर जाड पुस्तकं आहेत. तू तिथं लसूण सोलता सोलता पोचलीस. मी तुझ्याकडे बघत राहिले. तुला वाटलं मी हरले म्हणून रुसले, आणि तू विषय बदललास. मी रुसले नव्हते, आत्या. तुझा प्रश्न मनात शब्दन्शब्द लिहून घेत होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते.

माझी तोंडी परीक्षा मेमध्ये आली. ती कुणालाही ऐकता येते. आई-बाबांना जमेना, तर तू म्हणालीस, "मी येते." त्या दिवशी मुरबाडचा आगोटीचा मोठा बाजार होता, वर्षातला तुझा सगळ्यात मोठा दिवस. तो सोडून तू हिरवं लुगडं नेसून विद्यापीठात आलीस आणि मागच्या बाकावर एका अनोळखी मुलीशेजारी बसलीस. तुझ्या पिशवीत माझ्या गाइडसाठी सोड्यांची पुडी होती. वास येईल म्हणून मी ती सरांपर्यंत पोचूच दिली नाही, माझ्या बॅगेच्या तळाशी घातली. त्यापुढचं तर त्याहून वाईट आहे.

बाहेरून आलेले परीक्षक म्हातारे, शांत गृहस्थ होते. त्यांनी सगळा प्रबंध खरोखर वाचला होता. ते इंग्रजीत म्हणाले, सौदा न झालेले दिवस तुम्ही ज्या तऱ्हेनं वेगळे काढले ते मला फार आवडलं, ही गोष्ट तुमच्या लक्षात कशी आली? मी मान वर केली. त्यांच्या खांद्यावरून थेट तू दिसत होतीस. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, माझ्याकडे अशी बघत होतीस की काही चुकलं तर उठून यावं. मला एवढंच म्हणायचं होतं की मागच्या बाकावर बसलेल्या माझ्या आत्यानं सांगितलं. ती सुकट विकते.

मी म्हटलं, "वाचनातून." आणि खाली बघितलं.

परतीच्या एसटीत तू विचारलंस, "काय इचारलं गो त्या बाबानी? तू मला बघून मान का घातलीस खाली?" मी म्हटलं, अभ्यासाचं होतं. तू "बरं" म्हणालीस आणि खिडकीबाहेर बघत बसलीस. सरळगाव आल्यावर मला भजी घेऊन दिलीस. प्रबंध बांधून आला, त्यात आभाराचं पान होतं. गाइड, ग्रंथालय, विभागातला शिपाईसुद्धा. तू नव्हतीस. तुझ्यासाठी एक ओळ लिहिली होती, ती मी स्वतःच्या हातानं खोडली. सुकट हा शब्द त्या पानावर कसा दिसेल, एवढंच तेव्हा मनात होतं. ही लाज मी इतकी वर्षं सांभाळली. दर सुट्टीला ठरवून यायचे की आज सांगायचं. तू पाण्याचा तांब्या द्यायचीस, भुकेलीची चौकशी करायचीस, आणि माझं राहून जायचं. तुला कळलं तर तुला काय वाटेल, याची मला भीती होती.

दहाव्याच्या दिवशी बायका भाकरी भाजत होत्या. तुझ्या शेजारी कांदे-लसूण घेऊन बसणारी बेबी माझ्याजवळ येऊन बसली. तिच्याजवळ मी सगळं ओकून टाकलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तिला ठावं होतं."

परीक्षेला तुझ्या शेजारी बसलेल्या त्या मुलीला तू प्रत्येक प्रश्नाचा अर्थ विचारलास म्हणे, आणि तिनं प्रत्येक उत्तर तुझ्या कानात मराठीत सांगितलं. माझं ‘वाचनातून’सुद्धा. म्हणजे एसटीत तू मला विचारलंस तेव्हा तुला उत्तर आधीच माहीत होतं. मी बेबीला विचारलं, मग काय म्हणाली? रडली का? चिडली का?

बेबी म्हणाली, "छ्या. पुढच्या बाजाराला येऊन टोपली ठेवली आणि काय हसली. बोलली, बेबी, माझी भाची शिकली गो. एवढा मोठा बाबा गोड बोलून इचारत होता माल कुठनं आणला, पण तिनं काय सांगितलं नाय."

आत्या, माझ्या खोटेपणाचा एवढा मोठा वाटा तू तुझ्या मुठीत घेतलास आणि त्यात अभिमान बघितलास. मी खाली घातलेली मानसुद्धा तू वर उचललीस. बाजार ओळखणारी माणसं मी पुष्कळ बघितली आहेत. माणसाला इतकं ओळखून वर इतकं कमी बोलणारं दुसरं कुणी मला भेटलं नाही, आणि आता भेटेल असंही वाटत नाही.

घरात तुझी दीड गोणी सुकट शिल्लक होती. पावसाळा तोंडावर आला आहे, ती ठेवून खराब झाली असती. काल मुरबाडचा बाजार होता. बेबी म्हणाली, चल. तुझी जागा कुणी घेतली नव्हती. पलीकडच्या मिरचीवालीनं तिथं स्वतःची पाण्याची बाटली ठेवून दिली होती, एवढंच. मी टोपली ठेवली आणि वाटे घालायला बसले. आगोट आहे, भाव चढलेला आहे, वाटा लहान घालायला हवा, हे सगळं मला डोक्यानं कळत होतं. पण मूठ ऐकेना. प्रत्येक वाटा वेगळाच. बेबीनं दोनदा माझे वाटे मोडून पुन्हा घातले. शेअर बाजाराची डॉक्टर म्हणून तिनं पलीकडच्या बायकांशी माझी ओळख करून दिली, तेव्हा त्यांना माझ्या वाट्यांकडे बघून ते खरं वाटलं नसावं.

उन्हं चढल्यावर एक म्हातारी आली. मूठभर सुकट उचलून वास घेतला आणि विचारलं, "कुठनं आणलीस गो?"

बेबीनं माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "समुद्रातनं."

म्हातारीनं मान वर करून मला नीट न्याहाळलं. "चांगुणाची का तू?" मी हो म्हटलं. तिनं घासाघीस न करता दोन वाटे घेतले.

सुकटीपुरती तुझी रीत मी पाळली. दुसऱ्या मालाची मात्र मोडते आहे, मला माफ कर. त्या परीक्षकांनी मला विचारलं होतं की हे तुमच्या लक्षात कसं आलं. त्यांच्यासाठी, आणि यापुढे जो कुणी विचारेल त्याच्यासाठी सांगते. तो माल मी चांगुणा आत्याकडून आणला. किन्हवलीच्या ओट्यावर, ती बोंबलांच्या जुड्या बांधत होती तेव्हा.